ऑफिसातले आयपी फोन वेगळ्या व्हीलॅनवर कसे घ्यायचे

उदाहरणाला रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतलं एक आंबा पॅकिंगचं ऑफिस घेऊ. वीस टेबलं, प्रत्येकावर एक आयपी फोन आणि त्याच फोनच्या मागून निघालेला कॉम्प्युटर. दीडशे मीटरवर गोडाऊन, तिथे आणखी चार फोन. एप्रिल-मेमध्ये वाशी मार्केटचे फोन दिवसभर चालू असतात, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मोठा बॅकअप लावतं. आवाज तुटतो तो तिथे. म्हणून फोन वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरींवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कवर घ्यायचे आणि त्यांच्या आवाजाला पुढे सोडायचं.

आधी कागदावर आखणी करा. स्विचला (सगळ्या नेटवर्क वायरी जुळतात तो डबा) हात नंतर.

व्हीलॅन १०: कॉम्प्युटर, १९२.१६८.१०.०/२४
व्हीलॅन २०: फोन आणि पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज), १९२.१६८.२०.०/२४
व्हीलॅन ३०: कॅमेरे
व्हीलॅन ९९: स्विच-राउटरचं व्यवस्थापन

पीबीएक्स फोनच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. मग टेबलावरच्या फोनांचं आपसातलं बोलणं राउटरपर्यंत जातच नाही. व्हीलॅन १ वापरू नका, नवीन जोडलेलं प्रत्येक यंत्र आधी तिथेच येऊन पडतं.

टेबलाचं पोर्ट असं लावायचं: १० अनटॅग्ड, २० टॅग्ड, पीव्हीआयडी १०. टॅग म्हणजे फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) लिहिलेला व्हीलॅनचा नंबर; टॅग नसलेली फ्रेम कुठल्या व्हीलॅनमध्ये घालायची ते पीव्हीआयडी ठरवतो. फोन आपल्या फ्रेमवर टॅग स्वतः लावतो आणि कॉम्प्युटरच्या फ्रेम तशाच पुढे सोडतो, म्हणून एका वायरवर दोघं राहतात. वेब पानावरून चालणाऱ्या स्वस्त स्विचमध्ये व्हीलॅनचं सदस्यत्व एका पानावर आणि पीव्हीआयडी दुसऱ्या पानावर असतो. पहिलं पान भरून दुसरं राहिलं की फोन चालतो, पण कॉम्प्युटरला पत्ता मिळत नाही. ‘नेट गेलं’ अशी तक्रार आली की आधी तेच पान उघडा.

फोनला २० हा नंबर कळावा म्हणून स्विचवर एलएलडीपी-मेड (स्विचने फोनला सेटिंग कळवायची सोय) चालू करून व्हॉइस व्हीलॅन २० द्या. स्विचमध्ये ती सोय नसेल तर व्हीलॅन १० च्या डीएचसीपीत (यंत्रांना पत्ते वाटणारी सेवा) ऑप्शन १३२ मध्ये २० लिहा. बरेच फोन तो वाचून टॅगसकट पुन्हा पत्ता मागतात. दोन्ही जमत नसेल तर फोनच्या मेनूत हाताने भरा. चोवीस फोनांसाठी तेवढं करता येतं.

स्विच ते राउटर आणि स्विच ते स्विच या जोडण्यांवर चारही व्हीलॅन टॅग्ड हवेत. गोडाऊनचे फोन ०.०.०.० दाखवत असतील आणि ऑफिसातले ठीक असतील, तर अपलिंकवर, म्हणजे याच जोडणीवर, २० घालायचा राहिलाय. गोडाऊनपर्यंत तांब्याची केबल मुळीच टाकू नका. एक तर तिची मर्यादा १०० मीटर, दुसरं म्हणजे मेअखेरच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा. एका इमारतीजवळ वीज पडली की तांब्यातून दोन्हीकडचे स्विच जातात. फायबर टाका, आणि त्यात लोखंडी तार नसलेली केबल निवडा.

राउटरवर प्रत्येक व्हीलॅनचा सब-इंटरफेस (एकाच पोर्टातला वेगळा कप्पा) करून त्याला .१ हा पत्ता द्या. एवढ्यासाठी लेयर ३ स्विच (व्हीलॅनांमधलं राउटिंग स्वतः करणारा) घ्यायची गरज नाही. जी.७११ या नेहमीच्या आवाज-कोडिंगचा एक कॉल इथरनेटवर दर दिशेला सुमारे ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे चोवीस कॉल मिळून जेमतेम २ एमबीपीएस. फोनच्या डीएचसीपीत ऑप्शन ६६ मध्ये प्रोव्हिजनिंग सर्व्हर (फोनला सेटिंग पुरवणारा) आणि ४२ मध्ये वेळेचा सर्व्हर द्या. वेळ चुकली की फोन सर्टिफिकेट नाकारतो आणि सुरक्षित नोंदणी होत नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. घंटी वाजवणारी सिप (कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप) ५०६० पोर्टवरून जाते आणि आवाज वेगळ्या यूडीपी पोर्टांवरून, ॲस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये सहसा १०००० ते २०००० मधून. व्हीलॅन १० मधल्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टफोनला (फोनचं काम करणारा प्रोग्रॅम) फायरवॉलमध्ये फक्त ५०६० उघडून दिलं, तर घंटी वाजते आणि आवाज अडतो. दोन्ही उघडूनही आवाज एकाच बाजूने येत असेल तर पीबीएक्सच्या ‘लोकल नेटवर्क’ यादीत बघा. तिथे १९२.१६८.१०.०/२४ नसेल तर पीबीएक्स त्या सॉफ्टफोनला बाहेरचा समजून ऑफिसचा पब्लिक पत्ता सांगतो, आणि आवाज भलतीकडे जातो. दोन्ही सबनेट तिथे लिहा.

राउटरमधलं सिप एएलजी बंद करा. ते पॅकेटमधले पत्ते मध्येच बदलतं. बाहेरचे कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असतील तर कॉल उचलल्याची पोच परत पोचत नाहीये, आणि मूळ बहुधा हेच किंवा चुकलेलं नॅट (राउटरने आतल्या पत्त्यांचं पब्लिक पत्त्यात केलेलं रूपांतर). थोडा वेळ काही हालचाल नसली की येणारे कॉल बंद पडतात आणि जाणारे चालतात, असं असेल तर राउटर यूडीपीची नोंद पुसतोय. कीपअलाइव्ह, म्हणजे ती नोंद जागी ठेवणारं छोटं पॅकेट, २५ सेकंदांवर आणा. ५०६० सगळ्या जगाला कधीच उघडू नका. फक्त सिप सेवादाराच्या पत्त्यांना द्या, नाहीतर पासवर्ड फोडून परदेशी कॉल लावतात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी (आधी कोणाला सोडायचं ती खूण) ४६, सिपवर २४ ठेवा आणि स्विचला ती खूण मानायला सांगा. एवढ्याने भागत नाही. रांग लागते ती इंटरनेटच्या दाराशी, आणि ती मॉडेमऐवजी आपल्या राउटरमध्ये लागायला हवी. २० एमबीपीएसचं अपलोड असेल तर राउटरवर १८ ची मर्यादा घालून ४६ वाल्यांना पुढे सोडा. सीझनमधल्या आवाजाचा खरा इलाज हाच.

फोनची दोन्ही पोर्ट चुकून भिंतीतल्या सॉकेटांत गेली तर लूप होऊन सगळं ऑफिस ठप्प होतं. टेबलाच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (असा लूप दिसला की पोर्ट बंद करणारी सोय) लावा. खाऱ्या दमट हवेत प्लगच्या पिना हिरवट पडतात; फोन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी प्लग बदला. फोन आणि स्विच मिळून २०० वॅट धरले तर १२ व्होल्ट १५० एएचची चांगली बॅटरी साधारण पाच तास काढते.

व्हीलॅन ९९ सगळ्यात शेवटी चालू करा आणि तोवर एक पोर्ट जुन्या सेटिंगवर राहू द्या, म्हणजे तुम्हीच बाहेर अडकणार नाही. मग मोठी फाइल अपलोडला लावून गोडाऊनहून बाहेरच्या मोबाइलवर दोन मिनिटं बोलून बघा. आवाज स्वच्छ असेल तर कॉन्फिगरेशन सेव्ह करा. अनेक स्विचवर ‘ॲप्लाय’ आणि ‘सेव्ह’ ही वेगळी बटणं असतात. फक्त पहिलं दाबलेलं असेल तर बॅटरी संपेपर्यंत लाइट गेली की केलेलं सगळं पुसलं जातं.