सीपीयू आवरणाऱ्या टूलमध्ये सुधारणा सुचवताय? या चुका टाळा

आमचं टूल छोटं आहे. विंडोजवर कुठल्या प्रोग्रॅमला किती प्रायोरिटी द्यायची आणि कुठल्या कोअरवर (सीपीयूमधल्या काम करणाऱ्या एका भागावर) बसवायचं, एवढंच ते बघतं. त्यात काय सुधारणा हवी याच्या मेल बरीच वर्षं मीच वाचतो, आणि त्याच त्याच सूचना वाचून आता कंटाळलोय.

सगळ्यात नावडती सूचना म्हणजे 'एका क्लिकमध्ये रिअलटाइम करणारं बटण द्या'. विंडोजमध्ये प्रायोरिटीचे सहा वर्ग आहेत. रिअलटाइम यादीत सगळ्यात वर दिसतो, म्हणून तोच सगळ्यात फास्ट असा समज. आत मात्र ० ते ३१ अशा पातळ्या असतात. साधा प्रोग्रॅम ८ च्या आसपास चालतो, तर रिअलटाइमची हद्द १६ पासून सुरू होते. तिथे विंडोजची स्वतःची नाजूक कामं चालतात. फोटोंचा प्रोग्रॅम तिथे नेऊन बसवला, तर माउस, कीबोर्ड, डिस्कवर लिहिणं हे सगळं त्याच्या मागे रांगेत उभं राहतं.

हे मला माहीत होतं, तरी एकदा मी ते बटण दिलं. लग्नसराई होती आणि अल्बम डिझाइन करणारा एक मुलगा हात धुऊन मागे लागला होता. रात्री अकराला बटण जोडून पाठवलं. 'दादा, मस्त चालतंय,' असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन. 'दादा, माउस गेला. नवीन विकत आणला, तोही हलत नाही.' त्याचा पीसी दोन कोअरचा होता. एक्स्पोर्टने दोन्ही कोअर अडवून ठेवले होते, कर्सर पडद्याच्या मधोमध गोठलेला, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून दाबून बोटं दुखली तरी काही नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि सेव्ह न केलेली बावीस पानं गेली. आमचं टूल अॅडमिन म्हणून चालत होतं, हेही नडलं. तो अधिकार नसता, तर विंडोजने रिअलटाइमची मागणी गुपचूप 'हाय' या एक पायरी खालच्या वर्गावर आणून सोडली असती.

मग मी त्याला आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: नेमकं स्लो कधी होतं? 'रोज रात्री नऊनंतर.' नऊला अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन लागत होतं. ते दुपारी जेवणाच्या वेळेवर नेलं आणि तक्रार संपली. बटणाची गरजच नव्हती. ते मी त्याच आठवड्यात काढून टाकलं आणि परत देणार नाही, कितीही आर्जवं करा. आता कुणी 'याची प्रायोरिटी वाढवा' म्हणालं, की मी उलट विचारतो, कुणाची कमी करू? याचं उत्तर नसेल तर ती सूचना मी बाजूला ठेवतो.

दुसरी चूक आकड्यांची. 'माझा प्रोग्रॅम १२ टक्क्यांवरच अडकतो, तुमचं टूल त्याला पूर्ण सीपीयू देत नाही, बूस्ट द्या.' आठ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे कामाचे कप्पे) असतील तर एकाचा वाटा १२.५ टक्के. प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालत असेल, तर १२ म्हणजे तो बिचारा आधीच जीव तोडून पळतोय. रेशनच्या रांगेत पुढे उभं केलं, म्हणून एक माणूस आठ खिडक्यांवर उभा राहत नाही. लिहिण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचे वेगवेगळे ग्राफ बघा. काम एका चौकोनातून दुसऱ्यात उड्या मारताना दिसलं तरी गोंधळू नका, विंडोज थ्रेड फिरवत असतं.

याचंच भावंड: 'लिनक्ससारखी ५० टक्क्यांची मर्यादा द्या.' तिथल्या सीपीयूलिमिट नावाच्या प्रोग्रॅममध्ये ५० म्हणजे अर्धा कोअर, आणि चार कोअर असतील तर आकडा ४०० पर्यंत जातो. विंडोजच्या जॉब ऑब्जेक्टमध्ये (प्रोग्रॅमवर मर्यादा घालायच्या तिथल्या सोयीत) ५० म्हणजे अख्ख्या मशीनचा अर्धा भाग. कशाचे ५० ते लिहा.

सिस्टिम आयडल प्रोसेस ९५ टक्के खातेय, ती बंद करायची सोय द्या: ती रिकाम्या वेळेची नोंद आहे, राहू द्या.

अँटिव्हायरसची प्रायोरिटी बदलता येत नाही, कारण तो स्वतःला हात लावू देत नाही. तो आमचा बग नव्हे.

एका मेलमध्ये नऊ सूचना पाठवू नका. मी पहिली वाचतो.

'फास्ट करा' ही सूचना नाही. यूट्यूबवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून सगळ्या सेटिंग बदलणारे लोक हीच मेल पाठवतात आणि काय काय बदललं ते त्यांनाही आठवत नाही. मी स्वतः एका वेळी एकच सेटिंग बदलतो, वहीत लिहितो आणि एक दिवस तसंच वापरतो.

चांगली सूचना कशी असते, तेही सांगतो. हिशेबाचं काम करणाऱ्या एका ताईंनी तीन ओळी लिहिल्या होत्या: 'सकाळी दहाला बॅकअप फाइली झिप करायला लागतो. तेव्हा टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं. बॅकअपला अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.' कुठलं बटण हवं, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. झिप करणाऱ्या प्रोसेसला बिलो नॉर्मलवर, म्हणजे साध्यापेक्षा एक पायरी खाली ठेवणारा नियम मी चहा थंड व्हायच्या आत लिहिला. पुढच्या आवृत्तीत तो सगळ्यांना मिळाला.