घरातल्या ज्येष्ठांची तीनचाकी बदलायची आहे? सोलापुरात मदत अशी मागा

दिव्यांगांच्या शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल काही वर्षांत मोडकळीला येते आणि तोवर ती चालवणारा माणूसही थकलेला असतो. म्हणून ‘होती तशीच दुसरी द्या’ असा अर्ज करू नका. आज त्यांच्या अंगात किती बळ आहे, हे बघून गाडी मागा.

आधी जुनी गाडी मेकॅनिकला दाखवा. बॅटरीवर चालणारी असेल तर बहुतेक वेळा दोष बॅटरीचा निघतो, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीची बॅटरी लवकर उतरते. नुसती बॅटरी बदलून काम भागत असेल तर तेवढ्यासाठीच मदत मागणे सोपे. चौकटच गंजली असेल, वेल्डिंग पुन्हापुन्हा तुटत असेल तर मेकॅनिककडून तसे कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

मग माणसाकडे बघा. हाताने पॅडल मारायची तीनचाकी खांद्यांच्या जोरावर चालते. सत्तरीत खांदे दुखू लागले की तीच गाडी शिक्षा होते. बॅटरीची गाडी हवी असेल तर नजर बरी हवी, ब्रेक दाबण्याइतकी हाताची पकड हवी आणि सात रस्ता चौकासारख्या गर्दीत न गोंधळता वळता यायला हवे. यातले काही कमी असेल तर मागून ढकलायची चांगली व्हीलचेअरच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आजोबांना वाईट वाटेल, तरी हे त्यांच्याशी बसून बोला. त्यांना न विचारता आणलेली गाडी दारात पडून राहते.

आता कागद. यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र. ते नसेल तर ‘स्वावलंबन’ पोर्टलवर नोंदणी करा आणि तपासणीसाठी श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, घेऊन जा. दाखला जुना असेल आणि त्यानंतर पक्षाघात झाला असेल किंवा पाय कापावा लागला असेल, तर टक्केवारी पुन्हा तपासून घ्या. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेला किमान 40 टक्के अपंगत्व लागते, बॅटरीच्या तीनचाकीला त्याहून बरेच जास्त. सोबत आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि फोटो ठेवा.

मागायचे कुठे? शहरात राहत असाल तर महापालिकेत, गावात असाल तर ग्रामपंचायत आणि पंचायत समितीत. या संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाला थेट या पाच टक्के निधीबद्दलच विचारा. जिल्हा परिषदेत दिव्यांगांच्या योजना बघणारे टेबल गाठून पुढच्या एडिप तपासणी शिबिराची तारीख घ्या. शिबिरात अलिम्को या सरकारी कंपनीची माणसे मोजमाप घेतात. त्यामुळे ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः जावे लागते. तपासणीच्या दिवशी गाडी मिळत नाही, ती नंतर वाटपाच्या शिबिरात मिळते. खासदार निधीतूनही तीनचाकी देता येते, म्हणून खासदारांच्या कार्यालयात अर्जाची एक प्रत द्याच.

साठी ओलांडलेल्यांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तिच्यातून व्हीलचेअर, वॉकर, काठी मिळते, बॅटरीची तीनचाकी मिळत नाही. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 65 वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये जमा करते. तेवढ्यात गाडी येत नाही, पण कुबड्या किंवा कमोड खुर्चीला हातभार लागतो.

अर्ज एका पानाचा पुरे. यात एक गोष्ट लपवू नका: आधी गाडी कोणत्या योजनेतून, कोणत्या साली मिळाली. जुन्या यादीत नाव सापडतेच, आणि मग ‘लाभ घेतला आहे’ एवढ्या शेऱ्यावर अर्ज बाजूला पडतो. त्यापेक्षा आपणच लिहावे:

‘माझ्या आईला अमुक साली हाताने चालवायची तीनचाकी मिळाली होती. ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही (मेकॅनिकचे पत्र व फोटो जोडले आहेत). आईच्या उजव्या हातात आता जोर राहिलेला नाही, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दवाखान्यात आणि रेशन दुकानात जाण्यासाठी तिला बॅटरीवर चालणारी तीनचाकी मिळावी, ही विनंती.’

अर्ज आवक खिडकीवर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी आश्वासनावर परत फिरू नका. महिनाभराने त्याच क्रमांकावर चौकशी करा. उत्तरच येत नसेल तर अर्जाचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

वाट बघण्याच्या काळात दाराची रुंदी मोजून ठेवा. पेठांमधल्या जुन्या घरांच्या अरुंद दारांतून तीनचाकी आत येत नाही. मग ती बोळात उभी राहते आणि चार्जिंगची वायर कुठून न्यायची, हा प्रश्न उभा राहतो. रॅम्प करणार असाल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. एवढी जागा नसेल तर चाकाची गाडी बाहेर, आणि दारापासून तिच्यापर्यंत भिंतीला धरायला पक्का लोखंडी पाइप.