प्रोजेक्टला हायड्रोजन बंध घेतलाय? मग हे आधी बघा

कोल्हापुरात सायबर चौकात चहाच्या गाड्यावर विद्यापीठातली ज्युनियर मुलं हटकून विचारतात, ‘एन्झाइममधले हायड्रोजन बंध घेतलेत, सुरुवात कुठनं करू?’ पहिलं म्हणजे ‘इथं इतके बंध आहेत, म्हणून अभिक्रिया वेगात होते’ हे वाक्य रिपोर्टमधून खोडा. बंध पाण्यातही मिळतात. एन्झाइमात ते किती अंतरावर, कुठल्या कोनात आणि मुख्य म्हणजे कुठल्या टप्प्यावर जुळतात, यावर सगळं आहे.

कायमोट्रिप्सिन घ्या, म्हणजे प्रथिनं तोडणारं पाचक एन्झाइम. प्रोटीन डेटा बँकेतली ४सीएचए ही फाइल फुकट मिळते, ती पायमॉल या रेणूंची रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नवखा इथं अडकतोच: अभिक्रिया घडवणाऱ्या तीन अमिनो आम्लांपैकी हिस्टिडीन ५७ आणि ॲस्पार्टेट १०२ (आकडा म्हणजे साखळीतला क्रमांक) बी साखळीत सापडतात, सिरीन १९५ काही सापडत नाही. तो सी साखळीत असतो. कायमोट्रिप्सिनोजेनची, म्हणजे या एन्झाइमच्या आधीच्या निष्क्रिय रूपाची, एकच साखळी कापली जाऊन तिचे तीन तुकडे झालेले असतात.

आता ग्लायसीन १९३ आणि सिरीन १९५ यांच्या कण्यातले, म्हणजे साखळीच्या मुख्य धाग्यातले, एन-एच गट बघा. दोन्हींची तोंडं एकाच खोबणीकडे. हेच ऑक्सिॲनायन होल. सब्स्ट्रेटचा, म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतं त्या रेणूचा, कार्बोनिल (C=O) कार्बन सपाट असतो तोवर त्याचा ऑक्सिजन इथं तितका नीट बसत नाही. सिरीनने हल्ला केला की कार्बन चतुष्फलकीय (चार बंधांचा) होतो, कार्बन-ऑक्सिजन बंध लांबतो, ऑक्सिजनवर ऋण प्रभार येतो आणि तो खोबणीत सरकतो. म्हणजे बंध खरे जुळतात ते संक्रमण अवस्थेशी, अभिक्रियेतल्या सगळ्यात जास्त ऊर्जेच्या क्षणिक टप्प्याशी. सबटिलिसिन या जिवाणूंच्या एन्झाइममध्ये हेच काम करणारं ॲस्पॅराजीन १५५ बदललं, तर केकॅट (अभिक्रियेचा वेग) शेकडो पटींनी घसरतो, केएम (निम्म्या कमाल वेगाला लागणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण) मात्र फारसा हलत नाही. व्हायवात हे एक उदाहरण नीट सांगता आलं तरी पुरे.

पायमॉलच्या पिवळ्या तुटक रेषांवर विसंबू नका. दाता (हायड्रोजन देणारा अणू) आणि ग्राही (तो ओढणारा अणू) यांच्यातलं अंतर साधारण २.८ ते ३ अँगस्ट्रॉम आणि दाता-हायड्रोजन-ग्राही कोन १८० अंशांच्या जवळ आहे का, ते स्वतः तपासा. एक्स-रे रचनेत हायड्रोजन सहसा दिसतच नाहीत, सॉफ्टवेअर ते अंदाजाने बसवतं. कण्यातल्या एन-एचची दिशा पेप्टाइडच्या प्रतलाने ठरते, तो कोन बिनधास्त लिहा. सिरीनचा ओ-एच गरगर फिरू शकतो. तिथं फक्त ऑक्सिजन-नायट्रोजन अंतर द्या, गाइडनी कोन मागितला तरी.