टीव्ही घेण्याआधी घरी टेप काढा
दसरा-दिवाळीच्या ऑफर बघून कॉलेज रोडच्या शोरूममध्ये शिरण्याआधी सोफा ते टीव्ही हे अंतर मोजा. पाच-सहा फूट असेल तर ४३ इंची फोर-के (जास्त बारकावे दाखवणारा) टीव्ही भरपूर झाला. ५५ चा हट्ट बजेट उगाच फुगवतो. शोरूममधले झगमगीत रंग बहुतेक वेळा डेमो मोडचे, म्हणजे दुकानात उठून दिसण्यासाठीच्या सेटिंगचे असतात. ‘दादा, स्टँडर्ड मोड लावा’ म्हणा, पेनड्राइव्हवरचा स्वतःचा व्हिडिओ चालवा आणि दोन पावलं बाजूला सरकून बघा. हॉलमध्ये सगळे काही टीव्हीसमोर सरळ बसत नाहीत! रंग फिके पडले तर पुढचं मॉडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेवढं बिलात तपासा. भिंतीवरचा स्टँड आणि फिटिंग किमतीत धरलंय का, हे पैसे देण्याआधी विचारा.