अमेरिकेत नोकरी गेल्यावर आरोग्यविमा खंडित होऊ नये म्हणून

अमेरिकेत नोकरकपातीचे पत्र हाती पडते तेव्हा पगार, घरभाडे आणि व्हिसा यांचा विचार आधी येतो. कंपनीच्या आरोग्यविम्याची आठवण बहुधा नंतर, नेहमीच्या औषधाची बाटली रिकामी झाली की होते. म्हणून पत्र मिळाले त्याच दिवशी एचआरला ईमेल करून एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी: माझा विमा नेमका कोणत्या तारखेला संपतो? काही कंपन्यांत तो कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो, काहींत त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतो. सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना कंपनीकडून मिळणारा पगार, किती आठवड्यांचा मिळणार आहे यावरून ही तारीख गृहीत धरू नये, कारण खात्यात पैसे जमा होत असतानाही विमा संपलेला असू शकतो.

ती तारीख उजाडेपर्यंत काही दिवस हाती असतील तर राहिलेल्या तपासण्या उरकाव्यात आणि विमा परवानगी देत असेल तर ९० दिवसांची औषधे भरून घ्यावीत. एफएसए खात्यातील (वैद्यकीय खर्चासाठी पगारातून करमुक्त बाजूला ठेवलेली) रक्कम सहसा नोकरीबरोबर जाते, त्यामुळे ती आधी वापरावी. वर्षभरासाठी ठरवलेली पूर्ण रक्कम, पगारातून तेवढी कपात झालेली नसली तरी, तोपर्यंतच्या वैद्यकीय खर्चासाठी मागता येते. एचएसए हे आरोग्य-बचत खाते मात्र तुमचेच राहते.

पती किंवा पत्नी नोकरीत असल्यास प्रथम त्यांच्या कंपनीचा विमा पाहावा. तुमचा विमा गेल्यामुळे त्यांच्या योजनेत मधल्या काळातही नाव घालता येते, परंतु त्यासाठी कायद्याने हमी दिलेली मुदत फक्त ३० दिवसांची आहे. सगळीकडे ‘६० दिवस’ हेच कानावर पडत असल्यामुळे नेमकी हीच मुदत हुकते. वय २६ पूर्ण झाले नसेल तर आईवडिलांच्या अमेरिकेतील विम्यातही याच पद्धतीने जाता येते.

यानंतर प्रश्न येतो कोब्राचा. १९८६ पासून लागू असलेल्या या कायद्यानुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेलेल्या व्यक्तीला तीच योजना साधारणपणे १८ महिने स्वखर्चाने चालू ठेवता येते. खर्च मोठा असतो, कारण आजवर कंपनी भरत असलेला वाटाही तुमच्यावर येतो आणि त्यावर २ टक्के प्रशासकीय शुल्क लागू शकते. आकड्याचा अंदाज हवा असेल तर मागील वर्षाचा डब्ल्यू-२ फॉर्म (कंपनी दरवर्षी देते तो पगार व करकपातीचा दाखला) काढावा आणि १२ क्रमांकाच्या चौकटीत ‘डीडी’ या खुणेपुढील रक्कम पाहावी. दोन्ही वाटे मिळून विम्याचा वर्षाचा खर्च तेथे छापलेला असतो. त्याला १२ ने भागले की महिन्याचा हप्ता साधारण कळतो. मोठ्या कंपन्यांच्या फॉर्मवर ही रक्कम असतेच.

कोब्राची नोटीस अनेकदा अनोळखी नावाच्या त्रयस्थ संस्थेकडून साध्या टपालाने येते. माझ्या घरी ते पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात आठवडाभर पडून होते, म्हणून सांगतो की या काळात प्रत्येक पाकीट उघडावे आणि पत्ता बदलणार असेल तर एचआरला आधी कळवावे.

कोब्राचे खरे मोल त्याच्या मागील तारखेपासून लागू होण्यात आहे. समजा विमा ३१ मार्चला संपला आणि नोटीस १० एप्रिलला दिली गेली. निर्णयासाठी ९ जूनपर्यंत वेळ मिळतो आणि होकार कळवल्यानंतर पहिला हप्ता भरण्यास आणखी ४५ दिवस असतात. मे महिन्यात अपघात झाला तर तेव्हाही कोब्रा निवडता येतो आणि संरक्षण १ एप्रिलपासून धरले जाते. मात्र तेव्हापासूनचे सर्व हप्ते भरावे लागतात, आणि मधल्या काळात रुग्णालयाला पैसे आधी देऊन नंतर परतावा मागण्याची वेळ येऊ शकते.

याचा अर्थ ९ जूनपर्यंत स्वस्थ बसावे असा नाही. याच उदाहरणात हेल्थकेअर.गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून किंवा राज्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून खाजगी विमा योजना घेण्याची ६० दिवसांची खास मुदत ३० मे रोजीच संपते, कारण ती नोटिशीपासून नव्हे तर विमा संपल्यापासून मोजतात. तेथे अर्ज विमा संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. मार्चमध्येच योजना निवडली तर ती १ एप्रिलला सुरू होते. २० एप्रिलला निवडली तर १ मेला, आणि मधला एप्रिल कोब्राच्या भरवशावर काढावा लागतो. या योजनांच्या हप्त्यासाठी मिळणारे सरकारी अनुदान संपूर्ण वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर ठरते, तेव्हा सेव्हरन्स आणि बेकारी भत्ताही त्यात धरावा. उत्पन्न फारच कमी झाले असल्यास मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्यासाठी वर्षात केव्हाही अर्ज करता येतो.

एच-१बी व्हिसावरील व्यक्तीही या संकेतस्थळांवरून योजना घेऊ शकते, परंतु २०२५ च्या कायद्यामुळे २०२७ पासून तिला हे अनुदान मिळणार नाही. नोकरी संपल्यावर देशात राहण्याची जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत ही वेगळी मुदत आहे. ती विम्याच्या नव्हे, नोकरीच्या शेवटच्या तारखेपासून मोजावी.

निवड करताना केवळ हप्त्यांची तुलना पुरेशी नाही. या वर्षीचे डिडक्टिबल (विमा खर्च उचलू लागण्यापूर्वी स्वतः भरायची वार्षिक रक्कम) भरून झाले असेल, उपचार अर्ध्यावर असतील किंवा घरात बाळंतपण जवळ आले असेल, तर महाग कोब्राही स्वस्त पडू शकतो, कारण नव्या योजनेत डिडक्टिबल शून्यापासून सुरू होते. वर्षाच्या आरंभी नोकरी गेली असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर मी स्वतः आधी नवी योजनाच पाहीन. कुटुंबातील प्रत्येकाला कोब्रा स्वतंत्रपणे निवडता येतो, त्यामुळे उपचार चालू असलेल्या एकाच व्यक्तीसाठी तो घेऊन इतरांना नव्या योजनेत घालता येते. ही विभागणी खास मुदत संपण्यापूर्वीच ठरवावी. ती उलटल्यावर केवळ हप्ता झेपत नाही म्हणून कोब्रा सोडला, तर नवी खास मुदत मिळत नाही आणि १ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते.