पडद्यावरची सम उशिरा येते? मल्टी-कॅमेरा लाइव्हमध्ये या चुका टाळा

हद्दू खाँ-हस्सू खाँ या ख्यालगायक भावांच्या ग्वाल्हेरमध्ये श्रोत्यांना सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते सांगावं लागत नाही. तिथल्याच लष्कर भागातल्या एका गणेशोत्सवात आम्ही गाण्याच्या बैठकीला तीन कॅमेरे आणि मंचावरचं चित्र मोठं दाखवणारी एलईडी वॉल लावली होती. मध्यंतरात पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाळा, तबलजी समेवर येतोय, तुझा पडदा येत नाहीये."

मी घाईघाईने केबल बदलली, कॅमेरा बदलला, कॅमेऱ्यांमधून चित्र निवडणारा स्विचर बंद करून चालू केला. फरक शून्य. उशीर नेमका किती आहे हे न मोजताच मी दुरुस्तीला लागलो होतो. सगळ्यात मोठी चूक तीच.

आधी मोजा

मोजायला फक्त फोन लागतो. कॅमेऱ्यासमोर एकाला टाळी वाजवायला सांगा. त्याचे खरे हात आणि वॉल दोन्ही एकाच चौकटीत येतील असे उभे राहा आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. मग खरे हात जुळल्यापासून पडद्यावरचे हात जुळेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. आमच्या ४८ आल्या, म्हणजे २०० मिलिसेकंद. द्रुत त्रितालात मिनिटाला ३०० मात्रा जात असतील तर एक मात्राही २०० मिलिसेकंदांचीच असते. पडदा बरोबर एक मात्रा मागे होता. आजोबांचे कान अचूक होते.

हीच चाचणी प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी घ्या. सगळ्यांचा उशीर सारखा असेल असं धरून चालू नका.

२५ फ्रेमवर अडकून राहणं

आमचे २०० मिलिसेकंद एका जागी साचले नव्हते. कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमध्ये दोन फ्रेम, स्विचरमध्ये एक, वॉलला चित्र पुरवणाऱ्या एलईडी प्रोसेसरमध्ये दोन. २५ फ्रेमच्या सेटिंगवर प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, तीच ५० वर २० ची होते. डबे, म्हणजे साखळीतली उपकरणं, तेच, पण उशीर अर्धा. खर्च न करता इतका फायदा दुसऱ्या कुठल्याही उपायाने होत नाही.

मात्र १०८०पी ५० ला (सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) ३जी-एसडीआय, म्हणजे व्हिडिओ केबलची जास्त क्षमतेची जोडणी, लागतं. जुने एचडी-एसडीआय पॅनल १०८०आय ५० किंवा १०८०पी २५ च्या पुढे जात नाहीत. १०८०आयमध्ये प्रोसेसरला दोन फील्ड, म्हणजे फ्रेमचे एकाआड एक ओळींचे दोन अर्धे भाग, जोडत बसावं लागतं, तिथे पुन्हा वेळ जातो. एखादा पाहुणा कॅमेरामन ६० वर सेट केलेला कॅमेरा घेऊन आला, तर तो सुरुवातीलाच ५० वर आणायला लावा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर हॉलचे दिवेही लुकलुकत नाहीत.

केबलला दोष देणं

"वायर लांब आहे म्हणून डिले येतोय" हे मी दर सीझनला ऐकतो. १०० मीटर केबलमधून सिग्नल जायला साधारण अर्धा मायक्रोसेकंद लागतो. लांब केबलमुळे चित्र तुटेल, जाईल, पण उशिरा येणार नाही. उशीर होतो तो चित्र अडवून ठेवणाऱ्या डब्यांत. साधा एचडीएमआय-एसडीआय कन्व्हर्टर जवळजवळ काहीच अडवत नाही, पण आकार बदलणारा स्केलर फ्रेम धरून ठेवतो. साखळीत दोन स्केलर असतील तर एक काढा आणि चित्राचा आकार एलईडी प्रोसेसरमध्ये एकदाच बदला. कॅमेरा तिवईवर असेल तर चित्राची थरथर कमी करणारं डिजिटल स्टॅबिलायझेशन बंद करा.

पडद्यासाठीही कॉम्प्युटर

कॉम्प्युटरमध्ये चित्र घेणारं कॅप्चर कार्ड, ओबीएस हे लाइव्ह प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर आणि तिथून वॉल, ही साखळी सोयीची वाटते, पण तिच्यात फ्रेमवर फ्रेम साचतात. स्विचरचं आउटपुट सरळ वॉलकडे जाऊ द्या. कॉम्प्युटरला दुसरं आउटपुट द्या, ते फक्त यूट्यूबसाठी.

वाय-फायवर चालणारा फोन किंवा स्वस्त वायरलेस सेट चित्र आधी दाबून लहान करतो, मग पाठवतो. वायरच्या कॅमेऱ्यावरून त्याच्यावर कट मारला की तबलजीचा हात क्षणभर मागे जातो. तो कॅमेरा श्रोत्यांकडे वळवा, तिथे कुणाला कळत नाही.

हॉलचा आवाज मागे ओढणं

पडदा उशिरा येतो तर स्पीकरलाही डिले देऊ, असं साउंडवाला सुचवतो. प्रेमाने नकार द्या. पहिल्या रांगांना गायकाचा आणि तबल्याचा आवाज थेट मंचावरून ऐकू येतो. स्पीकर मागे पडले की त्यांना सगळं दोनदा ऐकू येईल.

आवाजाचा स्वभाव समजून घेतला तर उपाय दुसरीकडे सापडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ तीन मिलिसेकंद. मंचापासून ३० मीटरवर बसलेल्याला तो आपोआपच ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून मागच्यांना पडद्याचा उशीर कमी जाणवतो. त्रास पुढच्यांना होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवू लागतो, पण मागे राहिला तर १२५ पर्यंत चालून जातो. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो, त्याची आपल्याला सवय असते. लाइव्ह पडद्यावर नेमकं उलटं घडतं.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही वॉल गायकाच्या डोक्यामागून काढून हॉलच्या मध्यावर बाजूला लावली. ५० फ्रेम आणि एक स्केलर कमी, एवढं केल्यावर उशीर ८० मिलिसेकंदांवर आला. तरीही द्रुत सुरू झाली की मी तबल्याच्या बोटांचा क्लोजअप वॉलवर टाकत नाही. गायकाचा चेहरा किंवा वाइड शॉट ठेवतो. बोटं यूट्यूबवर दाखवता येतात.

यूट्यूबसाठी मात्र आवाज मागे ओढायलाच हवा. साउंड मिक्सरवरून सरळ कॉम्प्युटरमध्ये आलेला आवाज चित्राच्या आधी पोचतो. ओबीएसमध्ये त्याच्या सिंक ऑफसेटला मिलिसेकंद भरा. आकडा हॉलच्या पडद्यावर मोजलेला घेऊ नका, कारण कॉम्प्युटरचा रस्ता वेगळा आहे. साउंडचेकच्या वेळी टाळी रेकॉर्ड करा आणि प्रीव्ह्यूवर न विसंबता रेकॉर्ड झालेली फाइल उघडून जुळवा.