खटल्यातील चुकांच्या आधारे दोषसिद्धीविरुद्ध अपील कसे करावे

सत्र न्यायालयाने कारावासाची शिक्षा सुनावली की निकालपत्राची प्रत आरोपीला लगेच व विनामूल्य मिळायला हवी. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत एरवी ६० दिवसांची असते. प्रमाणित नकलेसाठी गेलेला वेळ तीतून वगळला जातो, त्यापुढील उशिरासाठी मात्र विलंबमाफीचा अर्ज लागतो. तुरुंगात असलेल्याला तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येते आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मागता येतो.

खरी मेहनत कागदपत्रांत आहे. निकालपत्र एका हाताशी ठेवून दोषारोप, साक्षी, जप्तीचे पंचनामे आणि रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) निशाणी क्रमांकानुसार, म्हणजे न्यायालयाने कागदपत्रांना दिलेल्या क्रमांकानुसार वाचावा. रोजनामा बहुतेक जण चाळून सोडून देतात, पण बचाव पक्षाचा वकील गैरहजर असताना महत्त्वाच्या साक्षीदाराची उलटतपासणी ‘नाही’ अशी नोंदवून काम पुढे नेले गेले का, हे तिथेच कळते.

सर्वांत बारकाईने पाहावा तो आरोपीचा जबाब, म्हणजे विरोधातील पुरावा समोर ठेवून न्यायालय आरोपीला विचारते त्या प्रश्नांची उत्तरे (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३५१). समजा, जप्त कोयत्यावर मृताच्या रक्तगटाचे रक्त आढळल्याच्या अहवालावर निकालाची सारी भिस्त आहे. जबाबात मात्र ‘तुमच्याकडून कोयता जप्त झाला, याबद्दल काय म्हणायचे आहे?’ एवढेच विचारले गेले. मग रक्ताची बाब आरोपीसमोर ठेवलीच गेली नाही. शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा न विचारलेल्या परिस्थिती विचारातून वगळल्या आणि फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला निर्दोष सोडले.

तरीही चूक दाखवली की निकाल रद्द होतो, असे नाही. याच संहितेच्या कलम ५११ नुसार त्या चुकीमुळे प्रत्यक्षात न्याय डावलला गेला हे दिसावे लागते, आणि हरकत आधीच घेता आली असती का, हेही न्यायालय पाहते. म्हणून प्रत्येक मुद्द्यात चूक, तिची निशाणी, तिच्यामुळे बचावाची हुकलेली संधी आणि ती वगळल्यास उरणारा पुरावा, अशी मांडणी करावी. उरलेला पुरावा तोकडा असेल तर निर्दोष सुटकेचीच मागणी आधी करावी. केवळ प्रक्रियेवर बोट ठेवल्यास प्रकरण फेरसुनावणीसाठी परत जाऊ शकते, आणि तोवर आरोपी आतच राहण्याची भीती असते.

त्यासाठीच अपिलासोबत कलम ४३० खाली शिक्षा स्थगिती व जामिनाचा अर्ज द्यावा. जन्मठेपेसारखी शिक्षा असलेल्या गंभीर गुन्ह्यांत सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी दिल्यावरच त्यावर आदेश होतो.